दुसरी पट्टी

कोल्हापुरात एखाद्यानं लग्नाचं आमंत्रण चुकवलं तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरून जातात. रश्श्याच्या पट्टीला नाही म्हणणारा मात्र जन्माचा लक्षात राहतो. मी बरेच महिने नाही म्हणत होते, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे.

राजारामपुरीतल्या एका दुचाकींच्या शोरूममध्ये मी बिलाच्या काउंटरवर बसते. पुढं काचेआड नव्या गाड्या, मागं वर्कशॉप. वर्कशॉपवर राज्य मेस्त्रींचं. मेस्त्री म्हणजे आमचे हेड मेकॅनिक, पन्नाशी ओलांडलेले. आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तर गिऱ्हाइकानं त्यांनाच मागं बसवून न्यावं. महिन्यातल्या एका रविवारी शटर लवकर खाली यायचं आणि सगळे मेस्त्रींच्या मळ्यावर जायचे. तिथं तीन दगडांची चूल, मटण, तांबडा, पांढरा. त्याची वर्गणी, म्हणजे पट्टी, आदल्या आठवड्यात निघायची.

पट्टीचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. मालकापासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सारखी द्यायची. बायकांनी मळ्यावर जायचं नाही, पण पट्टी द्यायची. त्यांचा डबा संध्याकाळी घरपोच येतो. रस्सा करणाऱ्याला पट्टी माफ, कारण तो धुरात बसून फेडतो. आणि जेवणाची पट्टी वेगळी, दुसरी वेगळी. दुसरी म्हणजे बाटलीची. ती घेणाऱ्यांनीच द्यायची, न घेणाऱ्याच्या माथी मारायची नाही. हा शेवटचा नियम मेस्त्रींनी स्वतः घातला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

सुरुवातीला मी मुकाट्यानं देत होते. डबा आला की नवरा झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, की मसाला कच्चा राहिलाय, आच घाईत दिलीय. रश्श्यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. तो फौंड्रीत होता. त्याच्या फौंड्रीतही पट्टी निघायची, फक्त तिथं पहिली आणि दुसरी अशी भानगड नव्हती, सगळं एकातच. महिन्यातून एकदा घ्यायचा ते दर शनिवारी झालं, मग रोज रात्री, मग कामावर जायच्या आधी. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाशी गाठ असते. हात थरथरायला लागल्यावर त्याला घरी बसवलं, आणि त्यात मी फौंड्रीवाल्यांना दोष देत नाही.

राधानगरी रस्त्याला एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. तो स्वतःच्या पायांनी तिथं गेला, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण तेवढं धाडस माझ्यात नसतं. जाताना त्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी सगळ्यांना सांगितलं, हे कर्नाटकात एका कारखान्यात कामाला गेलेत. पगार झाला की त्यातला मोठा भाग केंद्रात जायचा. उरलेल्यात महिना ओढायचा म्हटल्यावर पट्टी कुठून देणार?

पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा, आम्ही परके झालो काय, असं विचारून झालं. मग टोमणे सुरू झाले. स्पेअर पार्टच्या काउंटरवरचा एक जण म्हणायचा, ताईंचा पगार बँकेत अंडी उबवतोय. मला इतका राग यायचा की बिलावर शिक्का मारताना टेबल हलायचं. जिथं तोंड उघडून सांगता येत नाही तिथं माणूस शिक्केच आपटणार. घरी येऊन मी रडायचे, आणि रडताना पुन्हा स्वतःचाच राग यायचा, की मटणाच्या पट्टीवरून रडतेय.

मग त्यांनी आपसांतच माझी पट्टी भरली आणि रविवारी डबा दारात आला. गरम होता. मला भूक होती, हेही सांगते. मी तो तसाच परत पाठवला. आमच्याकडं मटणाचा डबा परत पाठवणं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखंच. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी कुणी माझ्याशी बोललं नाही. दुपारी मेस्त्री काउंटरपाशी आले आणि त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले, "नवस हाय काय, ताई?"

मी बिलं सारखी करू लागले. त्यांनी पुढं विचारलं, दाजींसाठी काय? मला सगळे ताई म्हणतात, म्हणून माझा नवरा सगळ्यांचा दाजी. मी मान हलवली. ते खोटं नव्हतं. दर शुक्रवारी मी अंबाबाईपुढं उभी राहून त्याच्यासाठीच मागत होते, फक्त त्यात मटण सोडायचा करार नव्हता.

त्या दिवसापासून माझं पट्टीचं शुक्लकाष्ठ संपलं. मेस्त्रींनी वर्कशॉपमध्ये जाहीर केलं, की ताईंनी दाजींच्या कामासाठी मटण सोडलंय, त्यांना कुणी पट्टी मागायची नाही. टोमणे मारणाऱ्यानं माझ्यासाठी भेळ आणून दिली. मळ्याच्या गप्पा माझ्यासमोर निघाल्या की एकमेकांना गप्प करायचे. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

तो परत आला तो बारीक होऊन आला. जाण्याआधी चहाचा पेला त्याला दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आता एका हातानं धरायचा. मला जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. एकदा मी ब्लाऊजला हुक लावायला बसले आणि सुईत दोरा जाईना. त्यानं माझ्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक दातांत धरून ओलं केलं आणि पहिल्याच झटक्यात ओवून दिलं. मग ते आमचं ठरूनच गेलं. शिवण काढलं की मी हाक मारायची आणि त्यानं दोरा ओवून द्यायचा. मी उगाचच नीट असलेले हुक उसवायचे आणि परत लावायचे. त्या हाताकडं बघायला मला तेवढंच निमित्त होतं.

एक दिवस तो मला शोरूमवर सोडायला आला आणि मेस्त्रींनी त्याला पाहिलं. पाहिलं आणि सगळा हिशेब जुळवून टाकला. दाजी धडधाकट परत आले, म्हणजे नवस पावला. आणि पावलेला नवस आमच्याकडं तसाच सोडत नाहीत. बकरं पडतं, माणसं जेवतात, तेव्हा तो फिटतो. मी बघू म्हणाले, करू म्हणाले, पुढं ढकलत राहिले. माझ्या टाळाटाळीचा मेस्त्रींनी आपल्या परीनं अर्थ लावला आणि एका सकाळी सगळ्यांना घेऊन काउंटरपुढं उभे राहिले. "ताई, पट्टी आमी काढलीया," ते म्हणाले. "तुमी फकस्त अंगण द्यायचं."

मी पट्टी देत नव्हते म्हणून ज्यांनी मला बोल लावले, त्यांनीच माझ्यासाठी पट्टी काढली होती. मालकानंही दिली होती. हे सगळे माझ्या अंगणात येणार, आणि त्यांच्याबरोबर दुसरी पट्टीही येणार. घरी तो, एका हातानं चहा पिणारा.

दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मागं, जुने टायर ठेवतात तिथं, मी मेस्त्रींना गाठलं आणि डोक्यावरच्या हाताची शपथ मोडली. कारखाना नव्हता, केंद्र होतं, हे सगळं सांगितलं, आणि कुणाला कळू देऊ नका असं बजावलं. ते ऐकताना ऑइलचे हात फडक्याला पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या उंबऱ्याच्या आत थेंब यायचा न्हाय. माझा शब्द हाय." मी त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

शब्द त्यांनी पाळला. रविवारी सगळे आले, कोरडे आले. आचारी म्हणून मेस्त्री स्वतः बसणार होते, पण मसाला भाजायला घेतला आणि माझ्या नवऱ्याला राहवेना. त्यानं त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं. मग कांदा किती काळा करायचा, खोबरं कधी घालायचं, पांढऱ्याला उकळी का येऊ द्यायची नाही, हे तो सांगत होता आणि सगळं वर्कशॉप ऐकत होतं. मी दारातून बघत होते. वर्षभरात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मी सुद्धा फक्त बरं वाटतंय का एवढंच विचारत होते. पंगत उठल्यावर एकानं वाटी चाटूनपुसून ठेवली आणि म्हणाला, दाजी, आता मळ्यावर रस्सा तुमीच करायचा. सगळ्यांनी ते उचलून धरलं. माझा नवरा लाजून हसला. मी मेस्त्रींकडं बघितलं, तर ते भांडी मोजत होते.

घरात मी भांडले. जाऊ नका म्हणाले, हातापाया पडले, शेवटी ओरडले. "कुणीतरी मला कामाला बोलवलंय," तो म्हणाला. "त्येला बी न्हाय म्हणू?"

मी पुन्हा टायरांपाशी गेले. मेस्त्री म्हणाले, काळजी करू नका, मळ्यावर मी आहे की. मी म्हटलं, मग दुसरी पट्टी बंद करा. त्यांनी पायानं एक टायर सरळ केला. मग म्हणाले, बाकीच्यांना कसं सांगणार, आणि कारण काय सांगणार? मला त्यांचं पटलं, कुणाला सांगू नका असं मीच बजावलं होतं.

पहिल्या रविवारी तो संध्याकाळी डबा घेऊन आला. मी शर्ट धुवायला टाकायचं निमित्त करून वास घेतला. धूर, लसूण, घाम. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेला. येताना मसाला पान खाऊन आला आणि माझ्यासाठीही एक आणलं, कागदात गुंडाळून. लग्नानंतर पहिल्या वर्षी आणायचा तसं. मी दारातच ते खाल्लं आणि शर्टाचा वास घ्यायचं विसरले. नवस फिटला होता, त्यामुळं मीही पुन्हा पट्टी द्यायला लागले होते, आणि आनंदानं देत होते. माझ्या नवऱ्याच्या हातचा रस्सा होता तो.

मग पुढच्या महिन्याची पट्टी निघाली. मेस्त्री काउंटरवर आले, मी पर्समधून माझी काढून दिली. ती खिशात घालून ते जाईनात. समोरच्या गाड्यांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, दाजींची पण ऱ्हायलीया. मागच्या बारीची धरून.

मला हसू आलं. मी म्हटलं, "रस्सा करणाऱ्याला कधीपासनं पट्टी, मेस्त्री? नियम तुमचाच हाय की."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"जेवणाची न्हवं, ताई."

शोरूममध्ये एक कुटुंब नव्या गाडीला हार घालत होतं. बिलासाठी गिऱ्हाईक थांबलं होतं. मेस्त्री हळू आवाजात सांगत होते, की त्यांनी पाजली नाही, देवाशपथ कुणीच पाजली नाही, दाजींनी स्वतःहून पेला पुढं केला, आणि त्यांना चारचौघांत कसं अडवायचं? आणि बाकीचे म्हणतात, घेतली तर पट्टी द्यायला पाहिजे, नियम म्हणजे नियम. मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. तोंडात आल्या होत्या. पण माझा नवरा फुकटची पितो, असं त्या वर्कशॉपमध्ये कुणी म्हणावं, हे त्या क्षणीसुद्धा मला सोसलं नसतं. मी पर्स पुन्हा उघडली आणि मागच्या आणि या महिन्याची त्याची दुसरी पट्टी मोजून दिली. मग गिऱ्हाइकाचं बिल केलं.

घरी आले तेव्हा तो चहा टाकत होता. म्हणाला, शिवायचं काही आहे का, उजेड आहे तोवर दे. हुक खरंच तुटला होता. मी नाही म्हटलं, आणि तो बाहेर गेल्यावर खिडकीपाशी बसून दिसेनासं होईपर्यंत एकटीच दोरा ओवत राहिले.