चालू, बंद आणि बिरादार काकांचं कमोड

दुष्काळात टाकीत पाणी साठत नाही, पण किस्से लई साठतात राव! लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातले हे. आमच्या बिल्डिंगीत तीन बिऱ्हाडं. तळाला किराणावाले बिरादार काका, मधे आम्ही नवरा-बायको, वर नर्स कांबळे मॅडम. गच्चीवर टाकी एकच. टँकर आला की भरायची आणि पुढच्या टँकरपर्यंत पुरवायची.

गच्चीची किल्ली काकांच्या करदोट्याला. एकदा मी खिडकीतून चूळ टाकली, तर काका खालून ओरडले, "सर, वाया कशाला घालवता? कुंडीत थुका की!"

* * *

काकांच्या सुनंदाला पुण्याचं स्थळ आलं. मुलाचे आई-वडील रविवारी पोरगी बघायला येणार. काकांनी त्यांच्यासाठी खास इंग्लिश कमोड बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

"पाव्हण्याच्या आधी कुनी बसायचं न्हाई!"

घरचे सगळे अंगणातल्या जुन्या संडासात जायचे.

* * *

आणि टँकर आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकी ठणठणीत!

काका जिन्यात उभे. "कोन चोरून आंघोळी करून राहिलंय?"

कांबळे मॅडम ड्यूटीवरून येत होत्या. म्हणाल्या, "काका, माझ्या वेणीतून वाटीभर तेल पिळून देते. आंघोळीचं माझ्यापुढं बोलू नका!"

काकू तर रडायलाच लागल्या. रविवारी पाणी नसलं तर सोयरीक गेलीच म्हणायची. काकांनी हातापाया पडून शनिवारी अर्धा टँकर मिळवला. टाकी भरली आणि मला कडी घातलेल्या दारामागून आवाज आला. झुळझुळ, झुळझुळ!

कडी काढली. कोणी एकदाही न वापरलेल्या त्या कमोडात फ्लशचं पाणी वाहून चाललेलं! अख्ख्या बिल्डिंगीचं पाणी तिथं जात होतं.

* * *

मी प्लंबर रफिकभाईंना फोन लावला. "फ्लशचं काम आहे, लवकर या!"

"चालू है क्या?"

काकांनी फोन हिसकावला. "हाव, चालू हाय!"

"चालू है तो मेरेकू कायकू बुलारे?" फोन कट!

काकांनी पुन्हा लावला. "अहो, बंद करायचाय!"

"तो करो ना बंद काका, मेरेकू क्या पूछते?"

* * *

शेवटी आमच्या बायकोनं फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं. आतला बॉल वर उचलला की धार थांबायची, सोडला की सुरू. खालचा कॉक जुन्याच नळाचा, गंजून गच्च. पाहुणे जाईपर्यंत बॉल धरून उभं कोण राहणार? काकूंनी परकराची नवीकोरी नाडी आणून दिली. बायकोनं बॉलचा दांडा खिडकीच्या गजाला आवळून बांधला.

सगळे कान देऊन उभे राहिलो. आवाज नाही!

काका भिंतीला टेकून खालीच बसले. "बंद झालं रे महादेवा!" कांबळे मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मला पण इतकं हायसं वाटलं की काय सांगू. काकांनी लगेच कडी घातली. "आता कुनी हात लावायचा न्हाई."

* * *

रविवारी पाहुणे आले, सकाळपासून गाडीत बसून. मी पण बैठकीत होतो. मुलाच्या आईचं कशातच लक्ष लागेना. चहा नको, पाणी तर नकोच. शेवटी काकांकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे टॉयलेट चालू आहे ना?"

काकांनी छाती फुगवली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छे छे ताई! कालच बंद केलो! एक थेंब न्हाई!"

बाईंचा चेहराच उतरला.

तेवढ्यात सुनंदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं बाईंच्या तोंडाकडं एकदा बघितलं, ट्रे माझ्या हातात दिला आणि बाईंना हाताला धरून वर आमच्या घरी घेऊन गेली.

इकडं बैठकीत काका घामाघूम. काकू पदराशी चाळा करत उभ्या. मी ट्रे धरून बसलेलो.

थोड्या वेळानं जिन्यावरून बाईंचा आवाज आला, अगदी मोकळा.

"अहो, ऐकलंत का? मला मुलगी पसंत आहे!"