किसास म्हणणारी वसुधा

वसुधा कशालाच सरळ 'हो' म्हणत नसे. "रविवारी जेवायला येशील ना?" असं विचारलं, की म्हणायची, "किसास." स्पॅनिशमधलं 'कदाचित'. सिंगापुरात सेंगकांगला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. दिवसभर विद्यापीठात संशोधन आणि संध्याकाळी स्पॅनिश मालिका. "त्यांच्या गाण्यांत हा शब्द सारखा येतो गं," ती सांगायची. "तो बिचारा विचारून विचारून थकतो आणि ती त्याला किसासवर झुलवत ठेवते. आपल्याकडे लगेच सात जन्मांचं वचन." आमच्या लेकीने, सईनेही तो शब्द उचलला. होमवर्क झाला का विचारलं, की "किसास लाह!" वर शाळेतलं ते सिंगापुरी 'लाह'. मला राग यायचा.

एका रविवारी सई मैत्रिणीकडे होती म्हणून मी, माझा नवरा मकरंद आणि वसुधा ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली चालवायला गेलो. मकरंद अचानक उतरला आणि छाती धरून बाकावर बसला. त्याचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता. मला फोनचं लॉकही उघडता येईना. अॅम्ब्युलन्स वसुधाने बोलावली.

हॉस्पिटलात त्याला आत नेलं आणि दार बंद झालं. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, "काही होत नाही त्याला." माझा भाऊही तेच म्हणाला. मला धीर येईना. यांना इथलं काय दिसतंय? शेवटी मी वसुधाचा हात धरला. "वाचेल ना गं तो?"

ती हळूच म्हणाली, "किसास."

मी हात काढून घेतला, पण तिने तो परत धरला.

"खोटं नाही बोलणार. बाबांच्या वेळी सगळे मला म्हणाले, काही होणार नाही, जा घरी. मी गेले आणि झोपले. सकाळी ते नव्हते. तू इथून हलू नकोस."

मी हलले नाही. भीती तेवढीच होती, पण आता त्या भीतीत आम्ही दोघी होतो.

डॉक्टर बाहेर आले. ब्लॉकेज काढलं होतं, धोका टळला होता. आनंदाने वळले, तर वसुधा खुर्चीत नव्हती. कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून, जॅकेटची बाही दातांत धरून ती थरथरत होती. तिला भीती वाटत नाही, असंच मी इतका वेळ धरून चालले होते.

नर्स मला आत बोलावत होती. "एक मिनिट," मी म्हटलं आणि वसुधाला जवळ घेऊन तिथेच जमिनीवर बसले.