गोदीतली गूळतुला

माझं वजन डॉक्टरांच्या काट्यात मावलं नाही. काट्याने एकदाच 'टण्' केलं आणि कायमची मान टाकली.

आमचे बंगाली डॉक्टर भले गृहस्थ, मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणायचे. म्हणाले, "बौदी, लाजू नका. परदेशात नुकतंच एक ऑपरेशन निघालंय. आतड्याचा बराच भाग वगळून पुढचा जोडतात, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. इथल्या एका मोठ्या सर्जनना विचारतो. पण आधी नेमकं वजन हवं."

पोट कापणार म्हटल्यावर मला धीरच आला! (घाम फुटायला हवा होता, पण तो जिन्याच्या चौथ्या पायरीलाच फुटून संपायचा.) लेक भवानीपुरात तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिचं बाळ रांगायला लागलं, तरी मी त्याचं घर पाहिलं नव्हतं.

आमचे हे खिदिरपूरच्या गोदीत कारकून. म्हणाले, "गोदामात तागाचे गठ्ठे तोलायचा तराजू आहे. रविवारी जाऊ. तेव्हा कुणी नसतं."

रविवारी सासूबाईही निघाल्या, टॅक्सीत गुळाच्या ढेपा घालून.

"आई, गूळ कशाला?"

"मग सुवासिनीला काय लोखंडाशी तोलणार? तागाचा गठ्ठा आहे का ती? माणसाची तुला गुळाचीच!"

गोदामाशी पोचताच यांनी ढेपा उतरवून घेतल्या. मी तोंडावर पदर ओढून एका पारड्यात बसले. दुसऱ्यात ढेपा चढू लागल्या. कुणी नसतं म्हणे! तुला आहे म्हटल्यावर सगळी गोदी लोटली. हमालांनी जयजयकार केला, कुठून तरी शंखही आला. ढेपा संपल्या, तरी मी जमिनीवरच! धावत जाऊन बाजारातून आणखी गूळ आणला. अखेर मी अधांतरी झाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे खिशात पेन्सिल शोधताहेत, तोवर सासूबाईंनी ढेपा फोडून प्रसाद वाटायला घेतला!

"अगं आई! तो गूळ अजून मोजायचाय!"

"देवाचा झाला तो. आता काय मोजतोस? घे, तूही खा."

बघता बघता माझं सगळं वजन हमालांच्या पोटात गेलं. मग मी पुन्हा पारड्यात, समोर मुकाट्याने लोखंड, आणि भोवती दुसऱ्या प्रसादासाठी पसरलेले हात!

आकडा घेऊन डॉक्टर सर्जनकडे जाऊन आले. "बौदी, या ऑपरेशनात धोका मोठा आहे. दुसरा काहीच उपाय उरला नाही, अशांसाठीच ते. तुम्ही अजून तिथवर गेलेल्या नाहीत. भात अर्धा करा, मिष्टी बंद, रोज चाला. नाहीच उतरलं, तर पुन्हा विचारू."

चालतेय. लेकीकडे दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आहे. वरच्या कठड्याशी ती बाळाला घेऊन उभी राहते आणि हात हलवते.

पण खरं सांगू? सर्जनचा निरोप ऐकून मी दिवसभर मिरवत होते. वजन कमी भरलं म्हणून परत पाठवलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच!