खिडकीतलं इंग्रजी

विट्याच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, आण्णांनी मला जीपमध्ये बसवलं, तेव्हा माझ्या मांडीवर हळदीचा डबा होता आणि पायाशी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. आमच्या भागात लेक गलाईवाल्याच्या घरी दिली की ती लांब जाणार हे ठरलेलंच. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. त्या कामापायी इथली घरंच्या घरं पार केरळ-आसामपर्यंत पांगली. मी वीस वर्षांची, मराठी शाळेतून बारावी झालेली, लग्नाला सव्वा महिना झालेला. आण्णा दाराशी उभे राहून म्हणाले, "भाषा येत न्हाई म्हणून तोंड मिटून बसू नगंस. चुकलं तर चुकलं. बोलत ऱ्हा." आई नुसता पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. मला तिचा रागच आला. रडायचं तर मोकळं रडावं की!

कोइमतूरच्या अलीकडच्या गावात आमचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. पहिल्याच सकाळी मी शहाणपणा केला. दुकान लख्ख झाडलं आणि केर रस्त्यावर टाकून दिला. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, ते अनवाणी रस्त्यावर धावले. "आगं, पोटावर पाय देतीस व्हय!" तेव्हा कळलं, गलाईच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. फरशीवरचा, पायपुसण्यातला, हात धुतलेल्या पाण्याचा गाळसुद्धा पोत्यात साठवतात. मग वर्षाकाठी तो जाळून, धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढतात. नव्या नवरीने मामांबरोबर रस्त्यावर बसून केर गोळा केला. बघणाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली.

त्या बघणाऱ्यांत सरोजा टीचर होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर, मध्ये जेमतेम हातभर बोळ. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी वासंती नोकरीला बाहेरगावी. त्यांनी मला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मान हलवली. मग इंग्रजीत विचारलं. आण्णांचं आठवून मी तोंड उघडलं आणि ठोकून दिलं, "आय कुक राइस." खरं तर गॅसवर डाळ होती. त्या हसल्या नाहीत. डाळीकडे बघितलं, हातातल्या कपाटाच्या किल्लीने खिडकीच्या गजावर दोनदा टक् टक् केलं आणि म्हणाल्या, "अगेन."

पुढे सोळा वर्षं तेच चाललं. मी इकडे भाजी निवडतेय, त्या तिकडे नारळ खोवतायत, आणि मध्ये इंग्रजी. चुकलं की टक् टक्. समजावणं नाही, रागावणं नाही, वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. एकदा मी इतकी वैतागले की त्यांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जिना चढून आल्या, गुडघे धरत. म्हणाल्या, शाळा सुटल्यापासून माझ्याशी इंग्रजी बोलायला कुणी उरलं नाही. माझीही ती घरची भाषा नाही, वापरली नाही तर जाईल. मला तुझी गरज आहे. मला वाटत होतं बाई माझ्यावर उपकार करतेय! त्या दिवसापासून आमच्यात तमिळ बंद. म्हणून माझं तमिळ बाजारापुरतंच राहिलं: किती, नको, पुरे. आमच्या दोघींत एकच भाषा होती, आणि ती दोघींचीही नव्हती.

सहा वर्षांपूर्वी मामा अंथरुणाला खिळले आणि आम्ही गावी परतलो. पुढे मामा गेले, पण दोन म्हशी, ऊस आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, यांना सोडून जाणार कुठं? तुम्ही अजून तिकडे दुकानं सांभाळणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हाला वाटतं एकदा शिकलेलं कुठं जातंय. जातं बायांनो. मला तर कळलंसुद्धा नाही. आधी बारीकसारीक वस्तू गेल्या. कपड्याचा चिमटा, पिठाची चाळण, यांना इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना. मग वाक्याची शेपटं गळायला लागली. माझ्या लेकीच्या, अश्विनीच्या प्रवेशासाठी सांगलीला कॉलेजात गेले, तिथे दक्षिणेकडच्या एक मॅडम माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. शब्द न् शब्द कळला. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आत काहीच नाही. कान शाबूत, जीभ गेलेली. अश्विनीच बोलली शेवटी. परतताना एसटीत तिने माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला.

आता खरं सांगते, लपवत नाही. त्या लाजेपोटी मी टीचरना फोन करायचं टाळायला लागले. दर रविवारी दुपारी आम्ही बोलायचो. ते आधी पंधरा दिवसांवर गेलं, मग सणावारी. काय तोंडानं बोलू, सोळा वर्षांचं मातेरं केलं मी, असं वाटायचं. आणि गेल्या वर्षी वासंतीचा फोन आला. टीचरना झटका आला होता. उजवी बाजू गेली, आणि इंग्रजीही गेलं. "तमिळ राहिलंय, तेही तुटक," ती इंग्रजीत म्हणाली. मी गोठ्यात होते. तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले. म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं होतं, मला तुझी गरज आहे म्हणून. आणि मी लाजत बसले होते!

रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि ठरवलं. केर टाकायचा नाही. आहे तेवढं झाडून गोळा करायचं. गावी निघताना टीचरनी दिलेलं आठवीचं इंग्रजी पुस्तक ट्रंकेत होतं, ते काढलं. पहाटे धार काढताना मोठ्यानं बोलायला लागले, समोर दिसेल त्याचं नाव घेत. आत्या दारातनं म्हणाल्या, "आगं बाई, म्हशीला कळतंय व्हय तुझं विंग्रजी?" म्हटलं, "ती चुका तरी काढत न्हाई." तर म्हणाल्या, "दूध मातुर कमी दिया लागलीया." अश्विनीला सांगितलं, घरी आलीस की माझ्याशी इंग्रजीतच बोलायचं, आणि हसलीस तर जेवायला मिळणार नाही. हसली. जेवायला दिलं.

दर रविवारी दुपारी तीनला मी पुन्हा फोन करायला लागले. वासंती तो टीचरच्या उशाशी ठेवते. त्या काही बोलत नाहीत. मी धडा वाचते. डोंगरात पत्रं वाटणाऱ्या एका टपालवाल्याचा धडा आहे, सोपा. पाच-सहा महिने मी नुसती पलीकडच्या पंख्याच्या आवाजाला वाचून दाखवत होते. वासंती एकदा म्हणाली, अक्का, आईला कळत असेल असं नाही, तुम्ही कशाला त्रास घेता? मी म्हटलं, त्रास नाही, आमचं ठरलंय.

परवाच्या रविवारी वाचता वाचता दारात कोण आलं म्हणून नजर वळली आणि माझी एक ओळ गळली. तशीच रेटून पुढे गेले. तेवढ्यात फोनमध्ये टक् टक् झालं. मला वाटलं रेंज गेली. मी वाचत राहिले. परत टक् टक्, या वेळी जोरात. मग वासंतीचा आवाज, घाईघाईचा. "अक्का, थांबा. आईच्या डाव्या हातात औषधाचा चमचा आहे. ती पलंगाच्या गजावर मारतेय."

पुस्तकातली अक्षरं दिसेनात. दारात आलेल्या आत्याच होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि काळजीनं विचारलं, "कुणाचा गं फोन?"

"माहेरचा," मी म्हटलं, आणि धडा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.