घोड्याला लटकलेलं वजन

आधीच सांगतो — भूतबित मी मानत नाही. उलट माझ्या थापा ऐकून भुतंच गल्ली सोडून पळतील, अशी आमच्या इतवारी बाजारात माझी ख्याती आहे. एकदा मी नुसत्या शिंकेने बिबट्या पळवला होता... ते राहू द्या. आजचं खरं आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझं लायसन्सच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान. गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, उमरेडकडचे वामनभाऊ त्यांची जुनी लिव्हरवाली रायफल घेऊन आले. वय सत्तरच्या पुढे, उजवा खांदा कामातून गेलेला, आणि भुईमुगात रानडुकरांचा धुमाकूळ. मारायचा परवाना होता त्यांच्याकडे.

"लिव्हर ओढता ओढता जीव जाऊन राहिला माह्या. मक्खनसारखी करून दे गा. आज संध्याकाळीच शेतात बसतो."

आता यात गोम अशी. लिव्हर ओढली की घोडा मागे ताणला जातो; चाप ओढला की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, त्याला पुढे ढकलते आणि तो काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आपटतो. कमान कडक असली की लिव्हर ओढताना खांदा निखळतो. ढिली झाली की घोडा टोपीला नुसत्या गुदगुल्या करतो — बार उडतच नाही. आणि तेव्हा समोर डुक्कर असेल, तर ते काही थांबून विचारत नाही.

मी कमान घासून पातळ केली. अजून घासली. लिव्हर अशी झाली की माशी बसली तरी खाली यावी!

माझे उस्ताद करीमचाचा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची पद्धत वेगळी. रायफल नळी वर करून वाईसच्या पकडीत उभी करायची आणि घोड्याला त्यांचं लोखंडी वजन लटकवायचं. वजनाने घोडा खाली ओढला गेला, तर कमान ढिली. बंदूक गिऱ्हाइकाला द्यायची नाही. चाचा गेल्यावर ते वजन त्यांची मुलगी शबाना आठवण म्हणून कामठीला घेऊन गेली. मी म्हटलं, जाऊ दे, माझ्या बोटांतच तराजूचा काटा आहे!

रिकामी रायफल वाईसमध्ये उभी ठेवून, दुकानाला कुलूप लावून, मी वामनभाऊंना समोर चहाला नेलं. किल्ली माझ्या खिशात. दहा मिनिटांत परत आलो, कुलूप उघडलं...

घोड्याला सुतळीने वजन लटकत होतं. तेच, चाचांचं — कोपऱ्याचा टवका उडालेलं, वर लाल रंगाचा ठिपका. हळूहळू झुलत होतं. आणि घोडा पार खाली ओढला गेला होता.

"हे काहून लटकवलं गा?" वामनभाऊ म्हणाले.

मी सरळ शबानाला फोन लावला.

"वजन? यहीं तो है भैया. रसोई का दरवाजा टिका के रक्खा है. क्यों?"

मी नुसतं "घेऊन ये" म्हणालो. मग गोळी-बारूद नसलेली, नुसती टोपी बसवलेली काडतुसाची रिकामी पुंगळी रायफलमध्ये घातली आणि चाप ओढला. टिक. पुन्हा. टिक. तिसऱ्यांदाही टिक, टोपी फुटलीच नाही! वामनभाऊ स्टुलावर बसले.

"म्हणजे संध्याकाळी मी..."

मी नवी कमान बसवली. वजन लटकवलं, घोडा जागचा हलला नाही. लिव्हर पूर्वीपेक्षा जरा हलकी, पण मक्खन नाही.

"असू दे गा कडक," ते म्हणाले. "खांदा दुखला तर चालते."

तासाभरात शबाना पिशवीतून वजन घेऊन आली. दोन्ही वजनं बाकावर शेजारी-शेजारी ठेवली. तोच टवका, तोच ठिपका. काट्यावर दोन्ही बरोब्बर सारखी.

कोणी म्हणतं, तूच लोहाराकडून दुसरं बनवून घेतलंस. बायकोही तेच म्हणते. जन्मभर थापा मारल्याची शिक्षा, दुसरं काय! पण वजन लटकवल्याशिवाय एकही बंदूक आता दुकानाबाहेर जात नाही.

त्या दिवशी निघताना शबानाने एक वजन पिशवीत टाकलं, एक माझ्याकडे राहिलं. तिने कोणतं नेलं, हे आता तिलाही माहीत नाही... आणि मलाही.