चुकीच्या जागचा श्वास

ते गाणं तुम्ही ऐकलंयच. हळद असो, बारसं असो, गल्लीतली मिरवणूक असो, आमच्याकडं ते वाजल्याशिवाय कुणाचं पोट भरत नाही. दुसऱ्या ओळीत मधेच एक श्वास ऐकू येतो आणि त्या श्वासावर बायकापोरी उजवा खांदा झटक्यात वर उडवतात. खांदा उडवायची पद्धत व्हिडिओतल्या पोरीची. श्वास माझा. अख्खा आवाजच माझा, पण ते सांगायची सोय नाही.

कोल्हापुरात बारा वर्षं मी ऑर्केस्ट्रात गायले. ऑर्केस्ट्रे बसले तशी घरात मशीन टाकली आणि ब्लाऊज शिवायला लागले. एकदा ओळखीच्या संगीतकाराचा फोन आला, ताई, डमी गाऊन जावा. डमी म्हणजे कच्चं गाणं. खरी गायिका ते ऐकून चाल शिकते, मग आपला आवाज पुसून टाकतात. राजारामपुरीत एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद. तीन जिने चढून मी धापा टाकत पोचले आणि तशीच माइकपुढं उभी राहिले. दुसऱ्या ओळीत दम पुरला नाही. एक ओळ एका दमात, हे गाण्याच्या मास्तरांनी लहानपणी घोटून घेतलेलं, आणि मी मधेच श्वास घेतला! परत घेऊ म्हटलं, तर तो म्हणाला, राहू द्या हो, डमीच तर हाय. मीही म्हटलं, राहू दे. मला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या होत्या.

पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन. व्हिडिओतली पोरगीच गाणार होती, पण तिला सूर काही सापडेना, तेव्हा डमीच ठेवतोय म्हणाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या भरात तोंडातून निघून गेलं, मग व्हिडिओत मी असणार का? माणूस वाईट नव्हता, शब्द शोधत शोधत बोलला.

"ताई, आवाज तुमचा एक नंबर हाय. पण लोकं आता गाणं बघत्यात, ऐकत न्हाईत."

मी पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली, केसांना मेंदी लावणारी बाई. यात न कळण्यासारखं काय होतं? नावही त्या पोरीचंच लागणार होतं आणि मी कुठं बोलायचं नाही, असं ठरलं. मी शब्द दिला. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी कोण तरी शोधली असती, आणि मला माझा आवाज पुसून घ्यायचा नव्हता.

व्हिडिओ आला आणि जिल्हाभर नुसता धुरळा. पोरगी दिसायला अशी की बघतच राहावं. उघडी पाठ, कमरेला एवढीशी घडी नाही, आणि बघणं असं की बघणाऱ्याचा चहा गार व्हावा. तिचा फोटो घेऊन बायका माझ्याकडं यायला लागल्या, अस्साच ब्लाऊज शिवा म्हणून. आता बोला! माझ्याच गाण्यातली पाठ मी दुसऱ्यांना मापात बसवून देत होते. एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा आरशापुढं उभी राहून मीही खांदा उडवून बघितला. बाही उसवली. हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तसं एकदा तरी सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहावं, असं फार वाटत होतं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्या पोरीचा राग करावा म्हटलं तर तेही जमेना. ती कुरुंदवाडकडची, मला अक्का म्हणते. एकदा फोन करून म्हणाली, दोन महिने काकडी खाऊन काढले आणि थंडीत नदीकाठी पहाटेपासून तसल्या कपड्यांत उभी होते. मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमचा त्यो श्वास आला की काय करावं कळंना. म्हणून खांदा उडवला." शूटिंगचे दोन दिवस तिनं एवढं कान देऊन ऐकलं होतं. माझं गाणं इतकं मन लावून दुसऱ्या कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात हातकणंगल्याला भावाच्या मुलीची हळद होती. दुपारी डीजेवाला जेवायला बसला आणि मांडव गप्प झाला. बायकांचे पाय काही थांबेनात. कुणीतरी म्हणालं, आत्याबाई गायच्या की पूर्वी, म्हणा तेच गाणं. कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला होता. गाणार नाही असा दिला नव्हता. म्हटलं, आता कळू दे. माझ्या भावाला, भावजयीला, या पोरीला तरी कळू दे की हे कोण गातंय. सांगायची गरजच काय, कान आहेत की त्यांना.

उठले, पदर खोचला आणि गायले. मास्तर समोर बसलेत असं समजून गायले. दुसरी ओळ एका दमात, सरळ, कुठं तुटू न देता. इतकी चांगली मी त्या खोलीतही गायले नव्हते.

मांडवातले पाय अडखळले. पुढच्या बायका खांदा अर्धा उचलून थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. हळदीनं माखलेली माझी भाची हसत पुढं आली आणि माझा हात धरला.

"आत्या, झकास म्हटलंस की. पण दुसऱ्या ओळीत चुकलीस बघ. तिथं ती श्वास घेते."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. पोरीचं लग्न होतं, खुशीत होती. मी भावाकडं बघितलं. तो पाव्हण्यांना पाणी देत होता.

मग मी परत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत, मधेच, धापा टाकल्यासारखा श्वास घेतला. सगळ्या मांडवाचे खांदे एकदम उडाले.

"हां," भाची म्हणाली, "आता कसं, अगदी तिच्यासारखं झालं."