माझ्या मनगटावरची कमलताईंची झोप

"मावशी, आत्ताच मोबाईलवर बघितलं. आई रात्रभर मस्त गाढ झोपली की!" सकाळी मी फोन केल्या केल्या कमलताईंचा मुलगा संदीप म्हणाला. मी कसंबसं म्हटलं, "अरे राजा, ती झोप माझी आहे... आई गेली रे." झोप मोजणारं त्यांचं घड्याळ माझ्या मनगटावर होतं, आणि शेजारच्या खोलीत कमलताई झोपेतच गेल्या होत्या.

महिना होत आला आता. रडून झालंय. आठवलं की हसूच जास्त येतं, आणि त्यांनाही तेच आवडलं असतं.

काळाचौकीच्या चाळीत आमची दारं लागून, माझं लग्न झालं तेव्हापासून. कमलताई मालवणकडच्या, जिभेने तिखट, हाताने सढळ. नवरा गिरणीत रातपाळीला, तो येईपर्यंत यांचे कान जिन्याकडे. नवरा गेला, गिरणी गेली, पण झोप तुटक ती तुटकच राहिली. त्यांचं झोपेवाचून काही अडलं नव्हतं. अडलं संदीपचं. पनवेलला मोठं घर घेतल्यापासून त्याने आईला तिकडे न्यायचा धोशाच लावला. या ऐकेनात. शेवटी त्याने हे घड्याळ आणून बांधलं. झोप, नाडीचे ठोके, सगळं त्याच्या मोबाईलवर दिसणार. "आकडे चांगले आले तर राहा इथे. नाहीतर बॅग भरायची," असं बजावून गेला.

पहिल्याच आठवड्यात आकड्यांनी दगा दिला. मग काय! रात्रीची जेवणं झाली की बाई घड्याळ घेऊन माझ्या दारात. "तूच घाल गे. पडलंस काय घोराक लागतंस." खोटं कशाला बोलू, लागतेच. तिकडे संदीप खूश, "आई, बघ, झोप सुधारली!" आणि इकडे आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसतोय.

गौरीच्या दिवशी मात्र बिंग फुटलं. सकाळी घड्याळ परत करायचं मी विसरले आणि दुपारी गॅलरीत फुगडी घालायला उभी राहिले. मोबाईलवर आईचे ठोके भडकलेले! संदीप टॅक्सी करून धावत आला, शर्टाची बटणं वरखाली. बघतो तर आई निवांत नारळ खवत बसलेली, आणि मी घामाघूम, हातात त्याचं घड्याळ.

"आई, मला फसवतेस? काही झालं असतं तर?" चिडला होता भयंकर, पण डोळे भरले होते त्याचे. कमलताईंनी विळी बाजूला सारली. "थंय पनवेलाक झोप लागात रे माका. पण उठल्यावर बोलू कोणाकडे?" तेवढ्यात कोणी त्याच्या हातात चहा दिला, कोणी पंखा त्याच्याकडे वळवला... पोटभर जेवून निघताना म्हणाला, "राहा. मावशी, तू आहेस ना?" पुन्हा त्याने पनवेलचं नाव काढलं नाही. घड्याळ मात्र रात्री माझ्याकडे येतच राहिलं, आता राजरोस. त्याला ठाऊक होतं. तरी सकाळी ती झोप आईचीच धरून बघायचा, त्याला बरं वाटायचं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी घड्याळ परत द्यायला गेले. त्या रात्री ते त्यांच्याच हातावर असतं तर, या विचाराने जीव खात होतं ते माझा. त्याने घेतलं नाही. "आई स्वतःच्या घरात गेली, मावशी. तिला तेच हवं होतं. राहू दे तुझ्याकडे."

परवा रोजच्यासारखी घड्याळ घालून पडले आणि मला ताप भरला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दारावर थाप. उघडलं तर संदीप, हातात पेजेचा डबा आणि तापाच्या गोळ्या. शेजारी त्याच्या आईच्या खोलीला कुलूप होतं. तिकडे न बघता तो सरळ आत आला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि दटावलं, "झोपली का नाहीस?"